जुन्या १६१३ चं इंजिन-गिअरबॉक्स: जोडी घेऊ, कमिन्स टाकू, की आहे तेच बांधू?

काटोलनाका (धागालेखक)

राजेहो, मदत पाह्यजे. बाबांची २००३ ची टाटा १६१३ ट्रक आहे, एमएच-४०. इंजिन ६९७ टर्बो, गिअरबॉक्स पाच गिअरचा जीबीएस-४०. हिवाळ्यात काटोलकडून कळमना मार्केटला संत्रा, बाकी वर्षभर गोंदियाचा तांदूळ अन् मिळेल तो लोड जबलपूरपर्यंत.

आता गाडी थकली. इंजिन बॅक मारून राहिलं आहे (जळलेला गॅस रिंगांवरून खाली उतरते), ब्रिदरमधून धूर निघते. जबलपूर जाऊन-येऊन पाच लिटर ऑइल पिते. गरम झालं की आयडलला ऑइल प्रेशरचा काटा झोपते. अन् कुरई घाट उतरताना पाय उचलला की चौथा गिअर सुटते. आमचा ड्रायव्हर लिव्हर मांडीनं दाबून घाट उतरते. मजाक नाही, खरंच.

कामठी रोडवर एकानं इंजिन अन् गिअरबॉक्सची जुनी जोडी दाखवली, पावणेदोन लाख म्हणते. दुसरा म्हणते कमिन्सचं ६बीटी इंजिन टाका अन् मागं मोठा गिअरबॉक्स. बाबा म्हणतात आपलंच इंजिन बांधून घे. तिघंही छातीठोक बोलतात, माझंच डोकं चालून नाही राहिलं. कोणते पार्ट घ्यायचे, कोणत्या कंपनीचे, कशाला हात लावायचा नाही, सांगा.

टॉपगिअर

कमिन्स टाक भाऊ. विषय संपला.

वऱ्हाडीब्रेक

+१. आवाज ऐकूनच पुढचा साइड देते.

लेथमिस्त्री

'विषय संपला' म्हणणाऱ्याचं काय जाते, पैसे या पोराचे जाऊन राहिले.

काटोलनाका, माझं बोरिंग-ग्राइंडिंगचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. पहिलं सांगणं हेच की आज काहीच विकत घेऊ नको. पाना अन् टॉर्च घेऊन गाडीखाली जा.

चौथा सुटते म्हणजे गिअरबॉक्स गेला असं नाही. पहिले फाउंडेशन पाह्य, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स चेसिसवर ज्या रबरांवर बसते ते. लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंत दांडी जाते. फाउंडेशनचं रबर फाटलं असलं तं लोडवर इंजिन एकीकडे झुकते, पाय उचलला की दुसरीकडे, अन् ती दांडीच गिअर ओढून काढते. हजार-दोन हजाराच्या रबरासाठी लोकांनी अख्खे गिअरबॉक्स बदललेले पाहिले मी. रबर चांगलं निघालं तं दांडीचे बुश पाह्य. मग फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग, अन् क्लच हाउसिंग फ्लायव्हीलच्या सेंटरला बसलं आहे की नाही ते डायल लावून. हे सगळं बरोबर असलं अन् तरी सुटलं, तवा गिअरबॉक्स खोल. आत मग चौथ्याचे दात, स्लीव्ह, फोर्क अन् मेन शाफ्टचं एंड-प्ले (पुढं-मागं हलणं) पाहायचं.

इंजिनचं वेगळं आहे. बॅक, ऑइल खाणं अन् प्रेशर झोपणं, तिन्ही एकत्र आले म्हणजे ते खोलावंच लागेल. पण खोलून मोजल्याशिवाय पार्टची यादी करणं म्हणजे नाडी न पाहता गोळ्या लिहिणं. बोअर वर, मध्ये, खाली, अन् प्रत्येक जागी आडवा-उभा असा दोन दिशांनी मोजून घे. बोअर गेज ज्याच्याकडे नाही, जो बोट फिरवून 'चांगलं आहे' म्हणते, त्याच्याकडे काम देऊ नको.

डेक्कनक्वीन

पुण्यातून विचारतोय, गैरसमज नसावा. बावीस वर्षांच्या गाडीवर दीड-दोन लाख घालण्यापेक्षा ती स्क्रॅपला देऊन नवी घेणं परवडणार नाही का? पंधरा वर्षांवर फिटनेसची फीसुद्धा चांगलीच चढते ना?

काटोलनाका

दादा, फी चढते अन् फिटनेस दरवर्षी, दोन्ही खरं आहे. पण नव्याचा हप्ता महिन्याच्या महिन्याला लागते, संत्रा मात्र दोन बहारांतच येते. ही गाडी फिटलेली आहे. चेसिस अन् बॉडी दणकट आहे, बाबांनी कधी ओव्हरलोड मारला नाही. दिल्लीसारखी दहा वर्षांची अट आपल्याकडे नाही. अजून पाच वर्षं काढायची आहेत, बस.

जुनाबेंझ

थोडं अवांतर, पण कामाचं आहे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ मिमी बोअर. ४०७ मधल्या ४९७ चंही तेच गणित, चार सिलिंडर आणि बोअर तोच. ६९७ चा स्ट्रोक १२८ मिमी, म्हणजे ५,६७५ सीसी. मर्सिडीजच्या ओएम ३५२ चं मापही अगदी हेच. टाटा आणि मर्सिडीजचा करार १९५४ ते १९६९, त्याच घराण्यातलं हे इंजिन. म्हणून आमचे वडील टाटाच्या गाडीला शेवटपर्यंत 'बेंझ'च म्हणायचे.

कमिन्स ६बीटीचं घराणं निराळं. १०२ बाय १२०, ५,८८३ सीसी. टाटा-कमिन्सची भागीदारी १९९३ ची, कारखाना जमशेदपूरला. सीसीमध्ये फरक फक्त दोनशेचा, पण मागचं फ्लायव्हील हाउसिंग, पुढचे माउंटिंग, पाण्याच्या पाइपांच्या जागा, काहीच एकमेकांना जुळत नाही. 'इंजिन बदललं' एवढ्या दोन शब्दांत ते मावत नाही. ब्लॉकची बांधणीसुद्धा वेगळी. ६९७ ला ड्राय लायनर असतो, झिजला की काढून दुसरा ठोकायचा. ६बीटीला मुळात लायनरच नाही, ब्लॉकमध्येच बोअर. झिजला तर पुढच्या साइजला बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे.

हिंगणघाटएक्सप्रेस

मी स्वतः १६१३ मध्ये कमिन्स बसवलं आहे, त्यामुळे दोन्ही बाजू सांगतो.

ओढ मस्त आहे, वाद नाही. पण इंजिन घेतलं तेव्हा वाटलं मोठा खर्च संपला, आणि खरा खर्च त्यानंतर सुरू झाला. माउंटिंगचे ब्रॅकेट बनवून घेतले. जुना गिअरबॉक्स या टॉर्कला टिकणार नाही म्हणून तो बदलला. त्याची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापून नवा बॅलन्स करून घेतला. तो बॅलन्स पहिल्यांदा चुकला आणि सेंटर बेअरिंग दोन महिन्यांत खाल्लं. रेडिएटर मोठा लागला, त्याचं काउल पंख्याला जुळेना. सायलेन्सरचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी, क्लचचं लिंकेज, इंजिन बंद करायची वायर... गाडी अडीच महिने उभी होती. त्या अडीच महिन्यांचं भाडं कोणी हिशेबात धरत नाही.

आणि घेणारच असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. जुन्या १२ व्हॉल्व्हच्या बी-सीरीजमध्ये पुढच्या टायमिंग गिअर केसमागे एक डॉवेल पिन असते. ती हळूहळू सरकून गिअरमध्ये पडली की खेळ खल्लास. केस उघडली आहेच तर तिच्यावर पट्टी लावून ती अडकवून घ्या. काम छोटं आहे, पण सांगणारा कोणी भेटत नाही.

टॉपगिअर

म्हणजे माझं बरोबरच न? ओढ मस्त आहे म्हणून राहिले न ते?

हिंगणघाटएक्सप्रेस

भाऊ, अडीच महिने वाचलं नाही का?

आकडेमोड

लोक इंजिनवर भांडतात आणि क्राऊन-पिनियन (मागच्या एक्सलमधली गिअरची जोडी) विसरतात. धागालेखक, हाउसिंगवरची प्लेट वाचा, नाहीतर दात मोजा. ४१/७ असेल तर रेशो ५.८५७, ४१/६ असेल तर ६.८३३.

१०.००-२० चा टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. टॉप गिअर डायरेक्ट (१:१) धरला तर ६० च्या स्पीडला ४१/७ वर इंजिन सुमारे १,८३० आरपीएमला फिरतं आणि ४१/६ वर सुमारे २,१३५ ला. २,४०० ला दाबून चालवलं तर पहिल्यावर ७९ आणि दुसऱ्यावर ६७ च्या आसपास. म्हणजे मोठं इंजिन घातलं आणि मागे ४१/६ तसाच ठेवला, तर घाटात मजा येईल पण वर्धा रोडवर इंजिन नुसतं ओरडेल. उलट ४१/७ आणि थकलेलं इंजिन ही जोडी कुरई घाटात रडणारच. इंजिन, गिअरबॉक्स, क्राऊन आणि टायर या चारही गोष्टी एका कागदावर लिहा, मग बाजारात जा.

काटोलनाका

प्लेटवर ४१/७ आहे. १०.००-२० चेच टायर.

अन् मिस्त्रीकाका, काल खाली गेलो. गिअरबॉक्सकडचं डाव्या बाजूचं फाउंडेशन दोन तुकडे! नवं टाकलं. चौथा अजूनही सुटते, पण पहिले दहा वेळा सुटायचा तो आता दोन-तीनदा.

लेथमिस्त्री

म्हणजे दोन्हीकडे आहे. दांडीनं ओढ-ओढ ओढून आतले दात गोल केले असतील. खोल आता.

कागदबहाद्दर

पार्टवर सगळे बोलले, कागदावर कोणीच नाही. इंजिन बदललं म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर बदलला. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचा. बदलाला आरटीओची मंजुरी लागते, आणि मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर १४ दिवसांत कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर फायनान्स असेल तर त्यांची लेखी संमती आधी घ्या. नंतर विमा कंपनीलाही कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला टॉर्च इंजिन नंबरवरच मारतो.

जुनी जोडी घेत असाल तर विकणाऱ्याकडून पक्कं बिल घ्या, त्यावर इंजिन नंबर हवा, आणि ते कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद हवेत. तुमचाच ब्लॉक ठेवून बांधणी केली तर नंबर तोच राहतो आणि हा सगळा व्याप वाचतो. 'आपलंच बांध' म्हणणाऱ्या बाबांच्या पारड्यात हे वजन टाका.

काटोलनाका

कागदबहाद्दर, तुमचं वाचून त्या जोडीवाल्याकडे परत गेलो. नंबर दाखव म्हटलं. ऑइल-माती पुसली तं नंबरची जागा ग्राइंडरनं घासलेली, वर ताजा ठोका. 'ते तं असंच असते भाऊ, आम्ही करून देतो आरटीओचं' म्हणते. नमस्कार करून घरी आलो.

वऱ्हाडीब्रेक

बाप्पा! वाचला तू.

लेथमिस्त्री

सगळेच तसे नसतात, चांगली जोडीही भेटते. पण एकाच गाडीतून निघालेली पाह्यजे. इंजिन, पंप, टर्बो, फ्लायव्हील, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स, सगळं एका घरचं. बिनटर्बोच्या ६९७ चा पंप टर्बोच्या इंजिनवर चढवून देतात. दिसायला सारखा, डिझेलचं माप निराळं. मग एक तं ओढ नाही, नाही तं काळा धूर.

काटोलनाका

(बारा दिवसांनी)

इंजिन उतरलं, गिअरबॉक्सही खोलला. काकांच्याच दुकानात नेलं. (हो, पत्ता काढला शेवटी.) निघालं ते असं:

बोअर वरच्या बाजूला सगळ्यात जास्त घासलेला, तीन नंबरवर उभ्या रेघा. क्रँक आधीच ०.५० वर (०.५० मिमी घासून बारीक केलेली) होती, तिसऱ्या जर्नलला ओरखडे, आता ०.७५ वर जाते. तडा पाहायला मॅग्नेटची टेस्ट केली, पास झाली. हेडमध्ये दोन नंबरच्या दोन्ही व्हॉल्व्ह सीटच्या मधात तडा. ब्लॉक चांगला. टर्बोचा शाफ्ट बोटानं हलते. गिअरबॉक्समध्ये चौथ्याचे डॉग-दात (ज्यांत स्लीव्ह अडकते ते) गोल झालेले, स्लीव्हही तशीच, मेन शाफ्टच्या बेअरिंगवर चट्टे. बाकी गिअर अन् केस काकांना पसंत.

बाबा जिंकले, आपलंच बांधतो. पण दुकानदार तीन-तीन भाव सांगते. कंपनीचा, 'ओईएम' (कंपनीला माल पुरवणाऱ्याचा) अन् 'चालू' (स्वस्तातला). काय घेऊ?

लेथमिस्त्री

चालू माल कुठं चालते अन् कुठं नाही ते सांगतो. होज क्लिप, नट-बोल्ट, पाण्याचा पाइप, हे फेल झालं तं दिसते अन् रस्त्यावर बदलता येते. त्यात वाचव दोन पैसे. जे बदलायला इंजिन परत उतरवावं लागते, त्यात एक रुपया वाचवू नको. लायनर-पिस्टन-रिंग एकाच कंपनीचा सेट घे. गोएत्झे, महले, इंडिया पिस्टन, कोणताही चालेल, खिचडी नको. पिस्टन एकाचे अन् रिंग दुसऱ्याच्या असं आमच्याकडे रोज येते, अन् सहा महिन्यांत परत येते. मेन अन् बिग-एंडचे बेअरिंग चांगल्या कंपनीचे, ०.७५ चे, अन् क्रँक ग्राइंड होऊन आल्यावरच घे. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट नवे. ऑइल पंप खोलून मोज. नवी बेअरिंगं टाकून जुना पंप चढवला की काटा पुन्हा झोपते, मग लोक माझ्या नावानं बोंबलतात.

हेडचा तडा वेल्डिंग करून देतो म्हणणारे भेटतील. बिनटर्बोच्या इंजिनात मी एखाद्याला हो म्हटलं असतं. टर्बोत नाही. नवं हेड घे.

टर्बो रिपेअर होईल, पण त्याचा ऑइलचा बारीक पाइप नवाच लाव. आत कोळसा जमते, तेल पोचत नाही, नवा टर्बो पंधरा दिवसांत मरते.

डेक्कनक्वीन

कंपनीचं रिकंडिशन इंजिन मिळतं ना? टाटाचं 'प्रोलाइफ' म्हणून आहे, जुनं देऊन बांधलेलं घ्यायचं. वॉरंटीही मिळते.

काटोलनाका

विचारलं दादा. वेळ कमी लागला असता, पण ब्लॉक चांगला निघाल्यावर बाबा ऐकायला तयार नाहीत. त्यांना नंबर तोच पाह्यजे. त्या नंबरवर माझं शिक्षण झालं म्हणतात.

आकडेमोड

क्लचचं कोणी बोललं नाही. गिअरबॉक्स खाली आहेच, तर प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग चारही एकदमच बदला. 'प्लेट अजून चालेल' म्हणून ठेवली तर तीच प्लेट बदलायला पुन्हा गिअरबॉक्स उतरवायची मजुरी द्याल. नवी घेताना जुनी सोबत न्या. व्यास मिमीमध्ये मोजा, मधल्या स्प्लाइन मोजा आणि टॉप शाफ्टवर (गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टवर) सरकवून बघा. नुसतं '१६१३ ची द्या' म्हणाल तर दुकानदार विचारेल, कोणत्या सालची? एकाच नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळे पार्ट बसवलेत.

फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर फेसिंग मारून घ्या.

हिंगणघाटएक्सप्रेस

गिअरबॉक्समध्ये ऑइल ८०डब्ल्यू-९०, जीएल-४ टाका (जीएल म्हणजे गिअर ऑइलचा ग्रेड). दुकानदार 'जीएल-५ भारी आहे' म्हणून गळ्यात मारेल. ते क्राऊनसाठी भारी. त्यातली गंधकाची रसायनं पितळ खातात, आणि सिंक्रो रिंगा पितळी. माझ्या एका ओळखीच्या गाडीत हे झालंय, दुसऱ्या आणि तिसऱ्याला वर्षभरातच खरखर सुरू.

उन्हाळी४७

नागपूरकर असून कोणी रेडिएटरचं नाव काढलं नाही! मे महिन्यात ४५ च्या वर पारा, त्यात टर्बो, त्यात लोड. आपल्या बोअरवेलचं पाणी जड, ते वर्षानुवर्षं ओतलं की नळ्या क्षारानं भरतात. नवीन इंजिन जुन्या चोंदलेल्या रेडिएटरवर बसवलं तर पहिल्याच उन्हाळ्यात हेड पुन्हा जाईल. तुमचं हेड मुळात तडकलं कशानं, याचाही विचार करा. टाक्या उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, थर्मोस्टॅट नवा टाका (काढून फेकू नका, ही आपल्याकडची वाईट खोड आहे), आणि वर कुलंट भरा. ब्लॉकच्या पाण्याच्या वाटाही धुऊन घ्या, तळाशी गाळ असतोच.

लेथमिस्त्री

उन्हाळी४७ लाख बोलला. त्याच्या ब्लॉकमधून मी दोन मुठी गाळ काढला.

काटोलनाका

(महिन्याभरानं)

गाडी रस्त्यावर आली राजेहो!

चौथा गिअर, स्लीव्ह, सिंक्रो रिंगा अन् सगळे बेअरिंग नवे. इंजिन काकांनी बांधलं, पंप अन् नोझल टेस्ट बेंचवर नेऊन कॅलिब्रेट केले. पहिल्यांदा चालू करताना स्टॉप ओढून नुसता सेल्फ मारला, काटा वर आल्यावरच स्टॉप सोडला. पहिले आठ दिवस अर्धा लोड. काकांनी तंबी दिली होती, रिकामं उभं करून घुरघुरत ठेवू नको, रिंगा बसत नाहीत, रस्त्यावर चालव. खर्च त्या घासलेल्या जोडीपेक्षा थोडा जास्तच झाला, खोटं काहून बोलू. एकवीस दिवस गाडी उभी राहिली, त्यातले पाच हेडची वाट पाहण्यात गेले.

परवा जबलपूर करून आलो, मी सोबत होतो. ऑइलची काडी जागची हलली नाही. काटा गरममध्येही उभा. कुरई घाट उतरलो, चौथा एकदाही सुटला नाही. ड्रायव्हरची मांडी मात्र लिव्हरवरच. म्हटलं, काढ आता. म्हणते, राहू द्या न भाऊ, सवय आहे.

एक शंका. समोरच्या टायमिंग कव्हरजवळ ओल दिसते. थेंब नाही पडत, नुसती ओल. टेन्शन आहे का?

टॉपगिअर

अन् साइड देते का पुढचा?

काटोलनाका

हॉर्न वाजवावा लागते.

लेथमिस्त्री

पुसून कोरडं कर, वरून खडूची भुकटी लाव अन् दोन ट्रिप मार. क्रँकच्या सीलमधून आहे की वरच्या पॅकिंगमधून, ते भुकटीवर दिसेल. हजार किलोमीटर झाले की गाडी घेऊन ये. हेडचे बोल्ट अन् टॅपेट पाहून घेऊ, ऑइल बदलू, अन् जुना फिल्टर फेकू नको, मी कापून पाहीन.